शिंजीर, पळस आणि बांडगूळ

मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीमध्ये, डोईफोडिया नावाचे एक गाव आहे. नाव ऐकून श्रोत्यांनी दचकण्याचे कारण नाही. आपल्याकडील खेड्यांच्या नावांचे अर्थ लावीत बसण्याचा उद्योग सहसा फलद्रूप होत नाही, आणि आज मला तो करावयाचाही नाही. तापीच्या खोऱ्यातील हा मुलूख सातपुड्याच्या रांगांनी वेढलेला असून पलीकडे महाराष्ट्रातील मेळघाट आहे. डोंगरउतारांवर सागाचे पानझडी रान, त्यात व त्याच्या कडेने मोह, पळस, धावडा आणि सालई. तीच सालई, जिच्या लाकडापासून याच जिल्ह्यातील नेपानगरच्या कारखान्यात एके काळी वृत्तपत्रांचा कागद होत असे. सखल भागात कापूस आणि केळी. बोलीही अशाच एकमेकींत मिसळलेल्या: कोरकू, निमाडी, हिंदी आणि मराठी.

माघ सरत आला की हे रान उघडे पडते. सागाची पाने करपून गळतात, नाल्यांचे पाणी आटते, आणि अशा उजाड वेळी पळस फुलतो. पान एक नाही, पण काळ्या मखमली देठांवर केशरी फुलांचे घोस लगडलेले. या घोसांतून त्या दिवसांत सकाळपासून एक बारीक, तीक्ष्ण, घाईचा आवाज ऐकू येतो. नीट न्याहाळले म्हणजे काळा दिसणारा एक इवलासा पक्षी या फुलावरून त्या फुलावर सरकताना आढळतो. तो ऊन्हात आला, की काळा नसून जांभळा आहे असे कळते. हाच जांभळा शिंजीर. हिंदी भाषिक त्यास शक्करखोरा म्हणतात. सूर्यपक्षी हे नावही मराठीत रूढ आहे, आणि ते सार्थ आहे, कारण त्याचा खरा रंग सूर्याखेरीज कोणी दाखवू शकत नाही. त्या पिसांत जांभळा रंग असा मुळी नसतोच. पिसांच्या अतिसूक्ष्म तंतूंत काळ्या द्रव्याचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात, त्यांवरून प्रकाश परतताना निळ्याजांभळ्याची झळाळी उत्पन्न होते. सावलीत गेला की पक्षी पुन्हा काळा.

चोचीपासून शेपटीपर्यंत त्याची लांबी सुमारे १० सेंटिमीटर, आणि वजन तोळाभरही नाही. चोच बारीक, लांबट व खाली वाकलेली. जीभ नळीसारखी वळलेली असून फुलाच्या तळाशी साचलेला मध ती ओढून घेते. मादी वरून तपकिरी-हिरवट, खालून फिकट पिवळी. तिच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही अशी. नराच्या पंखाखाली, काखेत, शेंदरी-पिवळ्या पिसांचा एक झुबका असतो, तो मादीपुढे मिरविताना तेवढा उघड करावयाचा, एरवी झाकून ठेवावयाचा. विणीचा हंगाम संपल्यावर नराचे हे सारे वैभव उतरते. तो जवळजवळ मादीसारखा दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ शिल्लक राहते. ती रेघ पाहून ही कोणी तिसरीच जात असावी असे पुष्कळांस वाटते. थंडी ओसरू लागली की पुन्हा जांभळी पिसे येतात. म्हणजे पळस पेटण्याचा आणि नर सजण्याचा काळ या रानात जवळजवळ एकच.

फुलांतील मध पिणारा पक्षी म्हटला की पुस्तके वाचलेल्या माणसास अमेरिकेतील हमिंगबर्ड आठवतो, आणि आपल्याकडील शिंजिरास कोणी कोणी तेच नाव देऊन मोकळे होतात. ही समजूत चुकीची आहे. हमिंगबर्ड हा केवळ अमेरिका खंडांतला; शिंजिराचे कूळ अगदी निराळे, त्याच्या सुमारे दीडशे जाती आफ्रिकेपासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंत व एक ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या आहेत. दोघांचा धंदा एक, म्हणून चेहरामोहरा सारखा झाला, इतकेच. महत्त्वाचा भेद असा की हमिंगबर्ड हवेत तरंगत राहून मध पितो, तर आपला शिंजीर क्वचितच तसे करतो. त्यास बसावयास जागा लागते. ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण आपल्याकडील ज्या फुलांनी पक्ष्यांशी व्यवहार जोडला, त्यांना पाहुण्यासाठी आसन मांडावे लागले आहे. पळसाचा घोस ज्या जाड, ताठ देठावर उभा असतो, तो देठ म्हणजेच हे आसन होय.

आता पळसाच्या फुलाकडे वळू. आपल्या पूर्वजांनी त्यास किंशुक म्हटले. हा पोपट तर नव्हे, असा प्रश्नच त्या नावात आहे. पोपटाच्या चोचीसारखी जी वाकडी पाकळी दिसते, तिच्या पोटात दहा पुंकेसर आणि स्त्रीकेसराची लांब दांडी लपलेली असते. मध असतो तळाशी. फुलास मनुष्याला जाणवेल असा सुगंध नाही, कारण सुगंध हे मुख्यतः कीटकांना बोलावण्याचे साधन आहे. तांबड्या रंगाची ओढ मधमाशीस फारशी नसते, पक्ष्यास मात्र तो दुरून खुणावतो. शिंजीर देठावर बसून चोच आत घालतो, तेव्हा ती वाकडी पाकळी दाबली जाते, केसर बाहेर डोकावतात आणि चोचीच्या मुळाशी व आसपासच्या पिसांस पराग चिकटतो. पुढच्या फुलात डोके घातले, की तो पराग तेथल्या स्त्रीकेसरास लागतो. पक्ष्यास याची वार्ताही नसते. त्याचे चित्त मधावर.

परंतु पळसावर एकटा शिंजीरच येतो असे नाही. बहराच्या दिवसांत साळुंक्या येतात, बुलबुल येतात, कोतवाल येतो. झाड म्हणजे बाजार होतो. मग या सर्वांनाच परागवाहक समजावे काय? या प्रश्नाचे उत्तर दिल्ली विद्यापीठातील राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि एच. वाय. मोहन राम या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिले आहे. पळसावर येणाऱ्या सात जातींच्या पक्ष्यांपैकी कामाचा ठरला तो एकच, आणि तो म्हणजे जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला एक चतुष्पाद प्राणी, पाठीवर पट्टे असलेली आपली नेहमीची खार. बाकीचे पाहुणे मध पितात आणि निघून जातात. फुलाच्या ज्या भागास स्पर्श व्हावयास हवा, त्यास त्यांचा नेमका स्पर्श होत नाही. या शास्त्रज्ञांना आणखीही एक गोष्ट दिसून आली. त्याच झाडाच्या परागापेक्षा दुसऱ्या झाडाचा पराग मिळाला, तर पळसाची फळधारणा अधिक चांगली होते.

या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ डोईफोडियासारख्या मुलखात जाऊन पाहिल्याखेरीज पुरता ध्यानी येत नाही. जेथे पन्नास-शंभर पळस जवळजवळ उभे आहेत, तेथे शिंजिरांची भांडणे सतत चाललेली असतात. मधाने भरलेले झाड एका नराने बळकावले, की तो इतरांस तेथे ठरू देत नाही. हाकललेला नर चोचीवरील परागासह शेजारच्या झाडावर जाऊन बसतो. झाडाच्या दृष्टीने हे भांडण म्हणजे पोस्टाची सेवाच. पण शेताच्या बांधावर एकच पळस उरला असेल, तर तेथला शिंजीर दिवसभर त्याच झाडाचा पराग त्याच झाडावर फिरवीत बसतो. झाड तितकेच फुलते, पाहणारास तितकेच सुंदर दिसते; वैशाखात मात्र शेंगा मोजाव्या. पळसाची शेंग चपटी, रुपेरी करड्या लवेची, आणि तिच्या टोकाशी बी एकच. वाऱ्यावर भिरभिरत जाणाऱ्या त्या एका बीवर पुढचा पळस अवलंबून असतो.

पळसाचा उपयोग काय, हे येथील माणसास सांगावयास नको. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, मुळांच्या सालीचे दोर, फुलांचा होळीसाठी रंग, आणि फांद्यांवर लाखेचा किडा. उपयोग पुष्कळ असल्यामुळेच फांद्या छाटल्या जातात, आणि वेळी-अवेळी छाटलेले झाड पुढच्या हंगामात फुलांवाचून राहते. रानच नाहीसे होणे हे तर त्याहून मोठे संकट. याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगरच्या बाजूस २०२२ आणि २०२३ या वर्षांत जंगलाची मोठी तोड झाली, हे वृत्तपत्रांच्या वाचकांस आठवत असेल. तोडीत सागाचा हिशेब होतो. पळसाचा कोणी करीत नाही.

शिंजीर हा सदा उपकारच करीत फिरतो असे चित्र उभे करण्याचा मात्र माझा हेतू नाही. जास्वंदीसारख्या फुलाच्या मुळाशी बाहेरून भोक पाडून परागाला न शिवता मध चोरणे हाही त्याच्या नित्याचा उद्योग आहे. सावरीच्या मोठ्या तांबड्या फुलात तो असा शिरतो, की केसरांचा झुपका बाजूलाच राहतो. तेथे कावळा-साळुंकीसारखे थोर देहाचे पाहुणेच उपयोगी. केळीच्या बागेत लोंबणाऱ्या कमळाच्या फण्यांखाली मधाची चंगळ असते, तेथेही स्वारी हजर. पण लागवडीच्या केळीस बी धरत नाही, फळ परागावाचूनच वाढते. तेव्हा तेथे शिंजिराने घेतलेल्या मधाची परतफेड कशातच होत नाही. बागायतदाराचे त्यात नुकसानही नाही, हा भाग वेगळा.

नुसत्या मधावर या पक्ष्याचे भागतही नाही. मध म्हणजे साखरेचे पाणी. त्याने उडण्याची शक्ती मिळते, मांस वाढत नाही. म्हणून कोळी, लहान अळ्या, चिलटे हेही तो टिपतो, आणि पिलांना तर मुख्यतः हाच आहार भरविला जातो. घरट्याचे काम बहुतेक सारे मादीचे. नर जवळपास गात, मिरवीत असतो. पिले झाली म्हणजे मात्र भरविण्यास हात लावतो. झुडपाच्या किंवा खुरट्या झाडाच्या फांदीस टांगलेली ही एक लांबट थैली. गवत, सालीचे तुकडे, वाळकी पाने हे सारे कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले. बाजूला दार, दारावर लहानशी पडवी, आणि खाली मुद्दाम लोंबत सोडलेला कचरा. दुरून पाहणारास वाटावे, वाऱ्याने अडकलेला पालापाचोळा आहे. आत दोन, क्वचित तीन अंडी. मनुष्याचे भय त्यास फारसे नाही. ओसरीच्या तारेला किंवा कुंपणाच्या काटेरी फांदीलाही ही थैली आढळते.

आता प्रश्न बांडगुळाचा, आणि येथे हे प्रकरण थोडे नाजूक होते.

मोहाच्या जुन्या झाडांवर, आंब्यांवर, जाड पानांची जी परकी झुडपे वाढलेली दिसतात, ती बांडगुळे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसास आपण हेच नाव देतो. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या लाकडात रोवून त्याचे पाणी व क्षार घेते. पाने हिरवी असल्याने अन्न मात्र स्वतः शिजविते. तीनशेहून अधिक जातींच्या झाडांवर त्याची नोंद झालेली आहे. फार माजले म्हणजे फांदीचा शेंडा वाळतो, झाडाचा बहर कमी होतो. चैत्राच्या पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन फुले वेचणाऱ्या कोरकू कुटुंबास ही हानी प्रत्यक्ष पदरात पडते. मोहफूल हे त्यांचे नगद पीक आहे, आणि त्या पिकाचा परागवाहक शिंजीर नव्हे. मोह रात्री फुलतो आणि त्याची सेवा वटवाघळे करतात.

मग बांडगुळाची सेवा कोण करतो? १९३१ साली सलीम अली यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातील निरीक्षणांवरून एक लेख लिहिला, त्याचा विषयच हा होता. अलिबागेजवळ किहीम येथे ते त्या सुमारास राहत असत, आणि आंब्यांवरील बांडगुळे त्यांच्या डोळ्यांपुढेच होती. बांडगुळाचे फूल लांब नळीसारखे. कळी पक्व झाली, पण पक्षी आला नाही, तर तिचे पुढे फारसे काही होत नाही. शिंजिराने किंवा फुलटोच्याने चोचीचा दाब दिला, की ती चटकन उकलते, केसर बाहेर येतात आणि परागाचा शिडकावा पाहुण्यावर होतो. फूल म्हणजे कुलूप आणि पक्ष्याची चोच म्हणजे किल्ली, असा हा प्रकार.

बी पेरणारा मात्र शिंजीर नव्हे. ते काम फुलटोच्याचे. हा आपल्या देशातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, जेमतेम ८ सेंटिमीटरांचा. बांडगुळाचे पिकलेले फळ तो अख्खे गिळतो, थोड्याच मिनिटांत बी विष्ठेवाटे बाहेर पडते, आणि ते इतके चिकट असते की अंगास लागलेले सोडविण्यासाठी पक्ष्यास फांदीवर अंग घासावे लागते. बी फांदीस चिकटते; पेरणी झाली. जाड चोचीचा त्याचा भाऊबंद फळातील बी चोचीनेच सोलून काढतो व चोच फांदीवर पुसून तोच परिणाम साधतो. एकाने फूल उघडावयाचे, दुसऱ्याने बी रुजवावयाचे, आणि भोगावयाचे मोहाने.

यावरून शिंजीर हा शेतकऱ्याचा वैरी ठरवावा काय? कोणी तसे म्हटल्यास मला नवल वाटणार नाही, पण ते मान्य करता येणार नाही. वर्षाचे बारा महिने पळस फुलत नाही. तो फुलतो जेमतेम दीड-दोन महिने, आणि त्या दीड-दोन महिन्यांसाठी शिंजीर रानात हजर असावयाचा, तर बाकीचे दिवस त्याने कशावर काढावे? बांडगुळाचा बहर स्थळपरत्वे मागेपुढे होतो, तरी हिवाळ्यात, रानात दुसरी फुले थोडी असताना, तो शिंजिरास मोठा आधार असतो. म्हणजे मोहाच्या अंगावर पोसलेले बांडगूळ शिंजिरास पोसते, आणि शिंजीर फाल्गुनात पळसाचे बी धरवितो. हा हिशेब असा गुंतलेला आहे, की त्यातील एकच रक्कम खोडून बाकीच्या जशाच्या तशा ठेवता येत नाहीत. शिवाय बांडगुळावर जगणारे आणखीही जीव आहेत. पंखांच्या खालच्या बाजूस पिवळ्या आणि तांबड्या ठिपक्यांची नक्षी असलेले जे फुलपाखरू आपल्या मराठीत हळदीकुंकू या सुरेख नावाने ओळखले जाते, त्याच्या अळ्या याच पानांवर वाढतात.

म्हणून उपाय करावयाचा तो पक्ष्यावर नव्हे, झाडावर. ज्या मोहावर चार-दोन बांडगुळे आहेत, त्याचे फारसे बिघडत नाही. ती राहू द्यावी. ज्या झाडाचा विस्तार त्यांनी व्यापला असेल, त्याचीच निगा घ्यावी, आणि तीही फळे पिकण्यापूर्वी, म्हणजे फुलटोच्याच्या पेरणीस बी मिळणार नाही. नुसती पाने ओरबाडून किंवा झुडूप वरवर छाटून उपयोग होत नाही. लाकडात शिरलेला भाग शिल्लक राहिला, की पुढच्या पावसात त्यास पुन्हा धुमारे फुटतात. यासाठी बांडगूळ जेथे फांदीस जडले असेल, त्याच्या थोडे खाली, बुंध्याच्या बाजूस, ती फांदीच कापावी लागते. कापलेला पाला गुरे आवडीने खातात.